तीन पैशांचा हिशेब : समान वाटणीत उरणाऱ्या रकमेविषयी



गेल्या वर्षी देणगी-विनियोगाची पत्रके टपालाने रवाना झाल्यानंतर पंधरा-वीस दिवसांतच एका वयोवृद्ध, निवृत्त शिक्षिका असलेल्या देणगीदार बाईंचे पत्र आमच्या लेखा विभागाकडे आले. पतीच्या स्मरणार्थ त्यांनी एक लाख रुपये दिले होते आणि ही रक्कम डायलिसिस घेणाऱ्या सात गरजू रुग्णांना समसमान मिळावी, अशी इच्छा व्यक्त केली होती. आमच्या पत्रकात सात नोंदणी क्रमांक होते, प्रत्येकापुढे १४,२८६ रुपये लिहिले होते आणि तळाशी एकूण रक्कम १,००,००० अशी छापली होती. बाईंनी सवयीने पेन्सिल घेऊन बेरीज केली. ती १,००,००२ आली. त्यांचा प्रश्न साधा होता. हे वरचे दोन रुपये रुग्णालयाने घातले असतील, तर ते परत पाठवावयास त्या तयार होत्या. घातले नसतील, तर मग ही बेरीज कोणी केली?

उत्तर देण्यापूर्वी आम्ही खतावणी उघडली. तेथे तिसरेच चित्र दिसले. प्रत्येक रुग्णाच्या खात्यावर १४,२८५ रुपये ७१ पैसे जमा झाले होते. त्याची सातपट ९९,९९९ रुपये ९७ पैसे होते. उरलेले तीन पैसे उचंत खात्यात पडून होते. म्हणजे एकाच देणगीच्या तीन रकमा आमच्याच दप्तरात नांदत होत्या : पावतीवर एक लाख, पत्रकावर एक लाख दोन रुपये आणि खतावणीत एक लाखाला तीन पैसे कमी. कोणी लबाडी केली नव्हती. गणकयंत्रही चुकले नव्हते. तरीही बाईंना समाधानकारक उत्तर देण्यास आम्हांस चार दिवस लागले, ही गोष्ट विश्वस्त मंडळाला खटकली. त्या चार दिवसांत जे उमगले आणि त्यानंतर जी पद्धत आम्ही स्वीकारली, ती आपल्यापुढे मांडावी, असे ठरले. घरची वर्गणी, सोसायटीचा खर्च, भावंडांतील वाटणी असे हिशेब आता बहुतेक घरांत संगणकावर होतात. त्यामुळे हे विवेचन आमच्या दप्तरापुरते उपयोगी ठरेल असे नाही.

प्रथम पत्रकातील दोन रुपयांविषयी. एक लाखाला सातने भागले की १४,२८५.७१४२८५… असा न संपणारा आकडा येतो. स्प्रेडशीटच्या प्रत्येक चौकटीत असा लांबलचक आकडा साठविलेला असतो, परंतु आपण त्या चौकटीला ‘पैसे दाखवू नकोस’ असे सांगितले की ती १४,२८६ एवढेच दाखविते. येथेच फसगत होते. चौकटीत दिसणारा आकडा आणि चौकटीत असलेला आकडा या दोन भिन्न गोष्टी आहेत. परिचारिकेने तक्त्यावर ताप ‘१००’ असा लिहिला म्हणून थर्मामीटरमधील १००.४ काही खाली उतरत नाही. तसेच हे आहे. तळाची बेरीज करताना संगणक दिसणारे आकडे घेत नाही, आतले घेतो. म्हणून त्याची बेरीज बरोबर एक लाख येते आणि कागद हाती घेऊन बेरीज करणाऱ्याची दोन रुपयांनी अधिक येते. कागद हाती घेणारा माणूस मात्र या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाचा माणूस असतो. त्याच्या हाती आपण आतला आकडा दिलेलाच नसतो.

यावर बहुतेक जण पहिला उपाय करतात तो ‘राउंड’ या सूत्राचा. हे सूत्र आकडा केवळ दाखविण्यापुरता लहान करीत नाही, प्रत्यक्षच तोडते. त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात : कोणती रक्कम आणि दशांश चिन्हापुढे किती स्थळे. दोन स्थळे सांगितली की पैशापर्यंत, शून्य सांगितले की पूर्ण रुपयापर्यंत. आमच्या खतावणीत हेच सूत्र होते, पैशापर्यंतचे. त्यामुळे दिसणारा आकडा आणि आतला आकडा एक झाला, हे खरे. पण सातही भाग सारखेच तोडले गेल्याने त्यांची बेरीज मूळ रकमेला तीन पैशांनी कमी पडली. तात्पर्य इतकेच, की ‘राउंड’ वाटणी करीत नाही. ते प्रत्येक भागाकडे एकेकट्याने पाहते, शेजारच्या भागाचे काय झाले हे त्याला ठाऊक नसते.

येथे एका सावधगिरीचा उल्लेख केला पाहिजे. एक्सेलमध्ये ‘दिसते तेवढीच अचूकता ठेवा’ अशा अर्थाची एक सोय आहे. ती सुरू केली की सबंध फाइलमधील आतले आकडे दिसणाऱ्या आकड्यांप्रमाणे कायमचे तोडले जातात. पुन्हा सोय बंद केली तरी गेलेले अंक परत येत नाहीत. हिशेबनीसाच्या हातून ही कळ सहजपणे दाबली जाऊ नये.

समान वाटणीत काही उरते, हा दोष संगणकाने आणलेला नाही. आमच्या ज्येष्ठ वाचकांना रुपये-आणे-पै यांचा काळ आठवत असेल. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. एक रुपया तिघांत वाटावयाचा झाला तर प्रत्येकास पाच आणे चार पै, काहीही न उरता! १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि हिशेब कितीतरी सोपे झाले; पण तिघांतील ही नेमकी वाटणी मात्र गेली. शंभराला तीनने भाग जात नाही. त्या संक्रमणकाळात आण्यांचे नव्या पैशांत रूपांतर करण्याचा नियम असा होता, की अर्धा पैसा वा त्याहून कमी असेल तर सोडावा, अर्ध्याहून अधिक असेल तर पूर्ण धरावा. एक आणा म्हणजे वस्तुतः सव्वासहा पैसे. तो सहा झाला. दोन आण्यांचे साडेबारा होतात; ते बारा झाले. चार आण्यांचे मात्र नेमके पंचवीस. म्हणून दोन-दोन आणे दोनदा दिले तर चोवीस पैसे आणि चार आणे एकदम दिले तर पंचवीस, असा प्रकार होता. तोडलेले भाग जोडले की मूळ वस्तू पुन्हा मिळेलच असे नाही, हे त्या पिढीने दुकानाच्या गल्ल्यावर अनुभवले होते.

अर्धा पैसा वर न्यावा की खाली सोडावा, याचे निसर्गदत्त उत्तर नाही, हेही यावरून दिसते. १९५७ च्या नियमात नेमका अर्धा सोडून दिला जाई. याउलट २०१७ पासून लागू असलेल्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या १७० व्या कलमात पन्नास पैसे वा त्याहून अधिक असल्यास पूर्ण रुपया धरावा, असे म्हटले आहे. एक्सेलच्या चौकटीतील ‘राउंड’ही अर्धा वरच नेते; परंतु त्याच एक्सेलच्या मॅक्रो-भाषेतील त्याच नावाचे सूत्र अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेते. अडीचाचे चौकटीत तीन होतात आणि मॅक्रोत दोन. एकाच कार्यालयातील दोन लेखनिकांचे हिशेब यामुळे जुळले नाहीत, तर दोघांनाही दोष देता येत नाही. कोणता नियम पाळावयाचा हे आधी लिहून ठेवले पाहिजे, एवढेच.

आता आम्ही स्वीकारलेली पद्धत. ती शाळेतल्या भागाकाराची आहे आणि तिच्यात दशांश अपूर्णांक कोठेही येत नाही. देणगीची रक्कम प्रथम सर्वांत लहान नाण्यात मांडावयाची. एक लाख रुपयांचे एक कोटी पैसे. त्याला सातने भागावे : भागाकार १४,२८,५७१ आणि बाकी ३. सातही रुग्णांना १४,२८५ रुपये ७१ पैसे द्यावेत आणि बाकी राहिलेले तीन पैसे तीन रुग्णांना एकेक करून द्यावेत. तिघांचे १४,२८५.७२ प्रमाणे ४२,८५७.१६ आणि चौघांचे १४,२८५.७१ प्रमाणे ५७,१४२.८४, एकूण एक लाख रुपये, शून्य पैसे. कोणाही दोघांत एका पैशाहून अधिक अंतर पडत नाही. याहून समान वाटणी पैशांच्या व्यवहारात शक्यच नाही.

स्प्रेडशीटमध्ये हे करण्यास तीन सूत्रे पुरतात. ‘क्वोशंट’ पूर्ण भागाकार देते, ‘मॉड’ बाकी देते, आणि ‘इफ’ हे सूत्र प्रत्येक ओळीला विचारते, की तुझा अनुक्रमांक बाकीइतका वा त्याहून लहान आहे काय? असेल तर एक पैसा अधिक, नसेल तर नाही. शेवटी पैशांना शंभराने भागून रुपये दाखवावेत. रुपयांचे पैसे करताना मात्र गुणाकारानंतर लगेच ‘राउंड’ लावून संख्या पूर्ण करून घ्यावी. याचे कारण थोडे तांत्रिक आहे. संगणक आकडे द्विमान पद्धतीत साठवितो. आपल्या दशमान पद्धतीत जसा एक-तृतीयांश कधीच पूर्ण लिहिता येत नाही, तसा द्विमान पद्धतीत एक-दशांश पूर्ण लिहिता येत नाही. ०.५ मधून ०.४ आणि मग ०.१ वजा करून ते सर्व कंसात मांडले, तर एक्सेल शून्याऐवजी शून्याच्या अगदी निकटचा एक उणे आकडा दाखविते. तो एवढा सूक्ष्म असतो, की त्याने कोणाचे नुकसान होत नाही. परंतु ‘फरक शून्य आहे काय?’ असे सूत्राने विचारले असता ते ‘नाही’ म्हणते, आणि अपूर्णांक सोडून देणाऱ्या सूत्राला असा आकडा मिळाला तर क्वचित एक सबंध पैसा गळू शकतो. पूर्ण संख्यांत हिशेब ठेवला की ही अडचण उद्भवत नाही.

वाटप रोखीने होणार असेल तर पैशांत भागून उपयोग नाही. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून कायदेशीर चलन राहिलेली नाहीत. अशा वेळी एकक म्हणून रुपयाच धरावा. एक लाख भागिले सात : १४,२८५ आणि बाकी ५. पाच जणांना १४,२८६ आणि दोघांना १४,२८५. बाईंच्या देणगीतून रुग्णांच्या खात्यावर बँकेमार्फत रक्कम गेली असल्याने तेथे पैशांतील वाटणीच योग्य होती. पत्रक मात्र रुपयांत छापले गेले, ही आमची चूक. ज्या एककात वाटप, त्याच एककात पत्रक, असा दंडक आता घातला आहे.

‘शेवटच्याला उरेल ते द्यावे’ हा एक जुना, सोपा मार्ग आहे. तिघां भावंडांनी वडिलांच्या उपचाराचे हजार रुपये वाटून भरावयाचे असतील, तर दोघांनी ३३३.३३ आणि तिसऱ्याने ३३३.३४ द्यावेत, यात कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु माणसे वाढली की हाच मार्ग अन्यायाचा होतो. समजा, अठ्ठेचाळीस जणांनी मिळून हजार रुपये द्यावयाचे आहेत. प्रत्येकी २०.८३ येतात, म्हणून सर्वांना २१ लावले. सत्तेचाळीस जणांचे ९८७ रुपये झाले आणि शेवटच्याच्या वाट्याला अवघे १३ आले. बेरीज बरोबर, वाटणी चूक! भागाकार-बाकीच्या रीतीने चाळीस जणांनी २१ आणि आठ जणांनी २० रुपये दिले असते. ताळा जमला म्हणजे हिशेब न्याय्य झाला, असे समजण्याची सवय आमच्याही विभागात होती. ती या उदाहरणाने मोडली.

वाटणी समान नसून प्रमाणशीर असते तेव्हा आणखी एक पायरी लागते. जनित्राच्या इंधनाचे दहा हजार रुपये तीन कक्षांत खाटांच्या प्रमाणात लावावयाचे आहेत असे धरू : पुरुष कक्षात ८ खाटा, स्त्री कक्षात ६, बालरुग्ण कक्षात ५. एकूण १९. वाटे येतात ४,२१०.५३, ३,१५७.८९ आणि २,६३१.५८. प्रत्येक वाटा जवळच्या रुपयात नेला तर ४,२११, ३,१५८ आणि २,६३२, म्हणजे दहा हजार एक. एक रुपया कोठून तरी उपटला! यावर उपाय असा, की प्रथम सर्वांचे अपूर्णांक सोडून द्यावेत. ४,२१०, ३,१५७ आणि २,६३१ मिळून ९,९९८ होतात. दोन रुपये उरतात. ज्यांचा सोडलेला अपूर्णांक सर्वांत मोठा, त्यांना ते एकेक द्यावेत. येथे स्त्री कक्ष आणि बालरुग्ण कक्ष यांना ते मिळतात, पुरुष कक्ष ४,२१० वरच राहतो. ही रीत हिशेबाच्या पुस्तकांपेक्षा राज्यशास्त्राच्या पुस्तकांत अधिक आढळते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील जागा राज्यांना लोकसंख्येनुसार वाटण्यासाठी १७९२ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी ती पुरस्कारिली होती. जागाही रुपयासारखीच, तिचे तुकडे होत नाहीत.

दरमहा द्यावयाच्या रकमांसाठी आम्ही याहून थोडी निराळी युक्ती वापरतो. एखाद्या ठेवीवरील वार्षिक व्याज ५०,००० रुपये असेल आणि ते बारा महिन्यांत औषध-साहाय्य म्हणून खर्च करावयाचे असेल, तर दर महिन्याचे ४,१६६.६७ न तोडता, त्या महिन्याअखेरपर्यंत एकूण किती द्यावयास हवे होते ते काढून ती बेरीज रुपयात आणावी आणि तीतून आजवर दिलेले वजा करावे. पहिल्या महिन्याअखेर ४,१६७. दुसऱ्याअखेर ८,३३३, म्हणून दुसऱ्या महिन्याचे ४,१६६. तिसऱ्याअखेर नेमके १२,५००, म्हणून तिसऱ्याचे पुन्हा ४,१६७. राहिलेला अपूर्णांक पुढच्या महिन्याच्या पोटात जातो, वर्षाअखेर साठून राहत नाही. तिमाही ताळेबंदही आपोआप जुळतो.

इथवर वाचून काही वाचकांच्या मनात आले असेल, की पैशा-दोन पैशांसाठी एवढा खल कशाला? हा प्रश्न आमच्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही निघाला. त्याचे उत्तर आम्हांस निर्धन रुग्ण निधीच्या हिशेबात मिळाले.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक अन्वये आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. तसेच या दोन गटांखेरीज अन्य रुग्णांच्या एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी म्हणून वेगळ्या खात्यात जमा करावी लागते. आता हे दोन टक्के प्रत्येक देयकावर काढून रुपयात तोडावयाचे, की सर्व देयकांची बेरीज करून मग? बाह्यरुग्ण विभागातील ११० रुपयांच्या एका देयकाचे दोन टक्के २ रुपये २० पैसे होतात. देयकागणिक रुपयात आणले तर २ रुपये. अशी शंभर देयके झाली तर निधीत २०० रुपये पडतात. बेरजेवर काढले असते तर २२० पडले असते. निधीचा अकरावा हिस्सा केवळ तोडण्याच्या जागेमुळे नाहीसा होतो. काही रकमा वर जातील, काही खाली, आणि सरासरीने भरून निघेल, हे म्हणणे रकमा निरनिराळ्या असतील तेव्हा बऱ्याच अंशी खरे असते. बाह्यरुग्ण विभागात मात्र शुल्क ठरलेले असते. तेच देयक दिवसातून अनेक वेळा निघते आणि तीच तूट तितक्याच वेळा त्याच दिशेने पडते. आंतररुग्णांच्या मोठ्या देयकांत हे जाणवत नाही, हेही नमूद केले पाहिजे. पण ज्यांच्यासाठी हा निधी आहे, त्यांच्या दृष्टीने वीस रुपयांत एक वेळचे औषध येते.

एकाच दिशेने पडणाऱ्या तुटीचे एक गाजलेले उदाहरण परदेशात घडले आहे. कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराने १९८२ च्या जानेवारीत आपला निर्देशांक १,००० वर सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर नवा निर्देशांक काढताना तिसऱ्या दशांश स्थळापुढील अंक राउंड न करता नुसते कापले जात. बाजार बरा असूनही निर्देशांक घसरत गेला आणि १९८३ च्या नोव्हेंबरात तो ५२४ च्या आसपास आला. चूक ध्यानात आल्यावर फेरगणना झाली, तेव्हा खरा आकडा १,०९८ च्या वर निघाला. दर वेळी कापला जाणारा तुकडा एकाच्या हजाराव्या भागाहूनही लहान होता.

दुसरे कारण आम्हांस अधिक गंभीर वाटते. किरकोळ फरक ‘राउंड ऑफचा’ म्हणून सोडून देण्याची एकदा सवय लागली, की त्या नावाखाली खरी चूकही लपते. औषधांचे पैसे वजा जाता उरलेली अनामत बारा कुटुंबांना परत करण्याच्या एका यादीत नऊ रुपयांचा फरक आला होता. ‘रुपयात आणल्यामुळे असेल’ असे म्हणून तो आमच्याकडून सोडण्यात आला. वस्तुतः तसे असणे शक्यच नव्हते. जवळच्या रुपयात आणताना एका रकमेत जास्तीत जास्त पन्नास पैशांचा फरक पडतो. बारा रकमांत मिळून तो सहा रुपयांपलीकडे जाऊ शकत नाही. नऊ रुपयांचा फरक म्हणजे दुसरेच काही तरी. जुने मुनीम जाणतात, की फरकाला नऊने भाग गेला तर कोठे तरी दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संशय घ्यावा. तसेच निघाले. एका कुटुंबाचे ४,५२१ रुपये ४,५१२ असे लिहिले गेले होते. ते कुटुंब रुग्णाला घेऊन गावी परतले होते. नऊ रुपये त्यांना मनीऑर्डरने पाठविले. पाठविण्याचा खर्च संस्थेने सोसला. त्यांनी तक्रार केली नव्हती, कदाचित त्यांच्या ध्यानातही आले नसेल.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक वाटप-तक्त्याच्या तळाशी एक वेगळी चौकट असते. तीत भागांच्या बेरजेतून मूळ रक्कम वजा होते. तेथे पूर्ण शून्य आल्याखेरीज तक्त्यावर लेखापालांची सही होत नाही. ‘जवळजवळ शून्य’ चालत नाही. देयकांच्या बाबतीत निर्धन रुग्ण निधीचे दोन टक्के महिन्याच्या एकूण बेरजेवरच काढले जातात. रुग्णाकडून रक्कम घ्यावयाची असता अपूर्ण रुपया सोडून दिला जातो आणि सुटलेले पैसे सवलत या सदरात नोंदले जातात, उचंत खात्यात नव्हे.

एक प्रश्न गणिताने सुटला नाही. उरलेले पैसे कोणाला द्यावेत? यादीतील पहिल्यांना द्यावेत, तर यादी आडनावांप्रमाणे लावली असता तीच माणसे पुनःपुन्हा पुढे येतात. सर्वांत गरजूला द्यावेत, अशी एका विश्वस्तांची सूचना होती आणि ती हृदयाला पटणारी होती. परंतु तीन पैशांसाठी सात रुग्णांच्या दारिद्र्याची तुलना करणे मंडळाला उचित वाटले नाही. देणगी समसमान वाटावी अशी दात्याची इच्छा असता तीत आपली निवड मिसळू नये, हाही विचार होताच. चिठ्ठ्या टाकण्याची कल्पना निघाली, ती हास्यात विरली. अखेर पाळी ठरली. रुग्णांचा क्रम नोंदणी क्रमांकाप्रमाणे; एका वाटपात वरचे पैसे ज्या रुग्णापर्यंत पोहोचले, त्याच्या पुढच्यापासून दुसऱ्या वाटपाचे सुरू व्हावयाचे. नवा रुग्ण आला की तो रांगेच्या शेवटी.

या अहवालातील आर्थिक पत्रके प्रथेप्रमाणे पूर्ण रुपयांत दिली आहेत. एखाद्या परिशिष्टातील बाबींची बेरीज तळाच्या आकड्याहून एखाद-दुसऱ्या रुपयाने भिन्न आली, तर तळाचा आकडा खतावणीप्रमाणे आहे, असे समजावे. फरक बाबींच्या संख्येच्या निम्म्याहून अधिक रुपयांचा आला, तर मात्र आम्हांस अवश्य कळवावे, कारण तो राउंड ऑफचा असू शकत नाही. देणगी-विनियोगाच्या पत्रकांना ही मुभा ठेवलेली नाही. ती पैशासह जुळलेलीच मिळतील. वाटपाचा तक्ता कोणाही देणगीदारास लेखा विभागात कामाच्या वेळेत पाहता येईल. रुग्णांची नावे तेवढी झाकलेली असतील.

बाईंना दुरुस्त पत्रक पाठविले आहे. उचंत खात्यातील त्यांचे तीन पैसे यादीतील पहिल्या तीन रुग्णांच्या खात्यावर जमा झाले. पुढील वाटप चौथ्या क्रमांकापासून सुरू होईल.